लाल रकान्यातली ज्वारी

ज्या घरात एकच माणूस विज्ञान शिकलेलं असतं, त्या घराचं काही खरं नसतं. आमच्या घरात ते माणूस मी. शाळेत विज्ञान शिकवते, आणि घरातली खोकल्याच्या औषधाची बाटलीसुद्धा आधी माझ्या नजरेखालून जाते. हा मान मी मागून घेतलेला नाही असं मी सगळ्यांना सांगते. ते खोटं आहे. मला तो आवडतो.

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. ते शुक्रवार पेठेत माझ्या धाकट्या भावाबरोबर आणि भावजयीबरोबर राहतात, मी जुळे सोलापूरला. दोनेक वर्षांपूर्वी अण्णांचं पोट बिघडायला लागलं. जेवलं की फुगायचं, छातीत जळजळायचं, करपट ढेकर यायचे. भाऊ म्हणाला, पोटाच्या डॉक्टरांना दाखवू. मी म्हणाले, आधी मुळाशी जाऊ. शाळेतल्या एका मैत्रिणीनं मला एका रक्ततपासणीबद्दल सांगितलं होतं. एकदा रक्त दिलं की कुठला पदार्थ आपल्याला सोसत नाही ते कळतं म्हणे. लॅबची मुलगी घरी येऊन अण्णांचं रक्त घेऊन गेली आणि काही दिवसांनी रंगीत रिपोर्ट आला. हिरवा रकाना, म्हणजे खुशाल खा. पिवळा, म्हणजे बेतानं. लाल, म्हणजे बंद.

लाल रकान्यात पहिलीच ज्वारी होती. खाली शेंगदाणे, तूर, हरभरा, लसूण, दूध. हिरव्या रकान्यात भात, मूग सोडले तर ब्रोकोली, ओट्स आणि अण्णांनी जन्मात न पाहिलेले दोन-तीन मासे होते. मी वर्गात वाचते तसा तो रिपोर्ट खड्या आवाजात वाचला. माशांवरून आम्ही सगळे हसलो. हसण्याऐवजी मी तिथं दोन मिनिटं विचार केला असता तर पुढचं काही घडलं नसतं, पण विचार करायचं काम मी त्या कागदावर सोपवून मोकळी झाले होते.

अण्णांनी जन्मभर तिकिटं आणि हिशेबाचे छापील तक्ते सांभाळले. छापलेल्या कागदाशी त्यांनी कधी वाद घातला नाही. चष्मा लावून त्यांनी लाल रकाना स्वतः एकदा वाचला आणि मान हलवली. मी रिपोर्ट फ्रिजवर चिकटवला आणि त्या दिवसापासून शेंगाचटणीची बरणी वरच्या फळीवर गेली. अण्णांच्या ताटात भात, मुगाचं कढण आणि बिनलसणाचा दुधी. मी फोन करून विचारायची, बरं वाटतंय का? ते म्हणायचे, बरं हाय की.

महिनाभरानं एका दुपारी मी न सांगता गेले. अण्णा जेवत होते. ताटात भात जरा जास्तच दिसला म्हणून पाहिलं, तर भाताखाली चतकोर भाकरी दडवलेली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून भावजयीला विचारलं, "तुला मारायचंय का त्यांना?" दार उघडं होतं. समोरच्या बाई गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या, त्या थांबल्या.

"मामांनीच मागितली, वन्सं," ती म्हणाली. "माज्या माहेरची नवी ज्वारी आली हुती."

तिचं माहेर मंगळवेढ्याकडचं. दरवर्षी तिचे वडील आमच्या घरासाठी पोतं पाठवतात. मी म्हणाले, ते मागतील, तुझी अक्कल कुठं गेली? अण्णा ताटाकडे बघत राहिले. भावजयीनं वाकून त्यांच्या ताटातली ती चतकोर भाकरी उचलली आणि आत गेली. मला तेव्हा वाईट वाटलं नाही, हे सांगायला हवं. उलट, आपण वेळेवर पोचलो असं वाटलं.

दिवाळीपर्यंत अण्णांचे शर्ट खांद्यावरून ओघळायला लागले. पोटाची जळजळ होतीच, फक्त ते ती बोलून दाखवत नव्हते. भावानं मला न विचारता पोटाच्या डॉक्टरांची वेळ घेतली, तेव्हा त्याच्याऐवजी मीच हट्टानं सोबत गेले आणि रिपोर्टही घेऊन गेले. डॉक्टरांनी तपासलं, मग अण्णांना वजनासाठी बाहेरच्या खोलीत पाठवलं. रिपोर्ट हातात घेऊन त्यांनी मला विचारलं, की हे सगळं सुरू व्हायच्या आधी काका रोज काय खायचे. मी सांगायला लागले. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, तुरीचं वरण, पिठलं, लसूण, रात्री कपभर दूध. मी एकेक नाव घेत होते आणि डॉक्टरांचं बोट लाल रकान्यात एकेक ओळ खाली सरकत होतं.

"हेच तर आलंय," ते म्हणाले. "माणूस जे रोज खातं त्याची रक्ताशी ओळख असते. ही तपासणी रक्तातली प्रतिपिंडं मोजून तेवढी ओळख दाखवते. सोसत नाही असा त्याचा अर्थ होत नाही. खऱ्या अॅलर्जीची तपासणी वेगळी असते, आणि काकांना तसलं काही दिसत नाही."

फळ्यावर खडूनं प्रतिपिंडांची आकृती काढणारी मी. ती शरीरात का तयार होतात हे मुलांकडून घोकून घेणारी मी. कान तापले माझे. डॉक्टरांनी पुढं विचारलं, गुडघ्यासाठी काही घेतात का? घेत होते. मेडिकलमधून दुखणं थांबवणाऱ्या गोळ्यांची पाकिटंच्या पाकिटं मीच आणून देत होते. जळजळ त्या गोळ्यांची होती. डॉक्टर म्हणाले, त्या बंद करा, मी देतो त्या गोळ्या सुरू करा आणि काकांना म्हणावं पूर्वीसारखं सगळं खा.

"मी सांगते त्यांना," मी म्हणाले.

रिक्षात मी अण्णांना गोळ्यांचं सांगितलं. ते म्हणाले, आणि खाण्याचं? मी रस्त्याकडे बघत म्हणाले, "ते सध्या आहे तसंच राहू दे."

का, तर भाकरी परत सुरू करायची म्हणजे भावजयीसमोर तोंड उघडावं लागणार होतं. एवढंच कारण. दुसरं कुठलंही मोठं कारण शोधून मला सापडलेलं नाही. तीन आठवड्यांत अण्णांची जळजळ थांबली. ताईच्या पथ्याचा गुण आला, असं भाऊ म्हणाला. मी ते खोडलं नाही.

जानेवारीत भावजयीच्या माहेरी हुरड्याला गेलो. तिच्या वडिलांनी अण्णांसाठी वेगळी मुगाची खिचडी करून ठेवली होती. "त्येस्नी ज्वारी चालत न्हाई," असं ते आल्यागेल्याला सांगत होते, स्वतःच्याच शेतात उभे राहून. आगटीत कणसं भाजली जात होती. अण्णा तिथंच बसले. भाजलेलं कणीस तळहातावर चोळायचं, फुंकर मारून फोलपट उडवायचं आणि दाणे समोरच्याच्या हातात द्यायचे, हे काम त्यांनी आपण होऊन घेतलं होतं. "घे, गरम हाय तंवर," म्हणत माझ्यापुढं हात केला. मी त्यांच्या तळहातावरचा हुरडा खाल्ला. एकदा नाही, चार वेळा. सगळ्यांचं झाल्यावर त्यांनी हात झटकले, पाण्यानं स्वच्छ धुतले आणि खिचडीचं ताट ओढून घेतलं.

पुढचा आठवडा मला वर्गात शिकवणं नकोसं झालं. रविवारी सकाळी शुक्रवार पेठेत गेले. अण्णा पेपर वाचत होते, भावजय खाली बसून मेथी निवडत होती. मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. रिपोर्टचा अर्थ, डॉक्टर काय म्हणाले ते, आणि मला ते दिवाळीपासून माहीत होतं हेही.

अण्णांनी पेपरची घडी घातली. "भाकरी सोडून फरक पडला न्हाई, हे मला पैल्या म्हैन्यातच कळलं हुतं," ते म्हणाले. "पर तू एवढं मनापासनं केलंस. बरं न्हाई म्हणून कसं सांगायचं?" मग सुनेकडे बोट करून म्हणाले, "माज्याकडं नगं बघू. बोलणी हिनं खाल्ली. मी मागितली हुती भाकरी, आन मीच गप बसलो."

मी भावजयीला म्हणाले, माझं चुकलं. तिनं मेथी बाजूला केली. बसा की वन्सं, म्हणाली. मी म्हणाले, आज अण्णांना भाकरी कर. ती तशीच बसून राहिली.

"पीठ न्हाई घरात," ती म्हणाली. "तवापासनं ज्वारी दळलीच न्हाई. भाकरी थापताना मामांस्नी वास जातो. म्हनलं, आपण तरी कशाला खायची?"

जवळजवळ वर्षभर त्या घरात कुणीच भाकरी खाल्लेली नव्हती. मी दर आठवड्याला तिथं जात होते आणि ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. माझं लक्ष फक्त एका ताटावर होतं.

आतल्या खोलीत तिच्या माहेरच्या ज्वारीचं पोतं होतं, कडुलिंबाचा पाला घालून शिवून ठेवलेलं. शिवण मी उसवली. डबा भरला, पाला आणि किडके दाणे वेचून काढले आणि गिरणीत रांगेला उभी राहिले. पीठ अजून गरम होतं तेव्हा तिनं परात घेतली. अण्णा पेपर सोडून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी येऊन बसले. तव्यावरची पहिली भाकरी टम्म फुगली. तिनं ती खाली घेतली, वरच्या फळीवरून चटणीची बरणी काढली, ताट अण्णांसमोर ठेवलं.

भाकरी ताटात घालता घालता तिचा हात थांबला. तिनं माझ्याकडे बघितलं. "वन्सं, वाढू नव्हं?" तिनं विचारलं.

टोमणा असता तर मी सोसला असता. पण ती खरंच विचारत होती.