नकाशात नसलेली रहाड

आमच्या चौकाचा इतिहास सबंध नाशकात माझ्याइतका कुणालाच ठाऊक नाही. छातीठोक सांगतो! आता त्यातला अर्धा मीच रचलेला आहे आणि उरलेला अर्धा आमच्या तात्या तांबटांनी सांगितलाय, म्हणजे तोही धरायला नको, ते सोडा. शाळेत सहावीला दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा इतिहासातच आपटलो. पण तो पुस्तकातला इतिहास. चौकातल्या इतिहासात मला अजून कुणी नापास केलेलं नाही.

हमीदभाईंच्या सायकल दुकानापुढे एक बाक होता. त्यावर रोज चार रिकामटेकडे बसले की किस्से साठणारच. कुणी उचलून नेत नाही, कुणी झाडून काढत नाही. त्यातले हे रहाडीचे.

बाहेरगावच्यांसाठी सांगतो. रहाड म्हणजे रस्त्याच्या पोटातला दगडी हौद, चांगला दीड पुरुष खोल. वर्षभर त्यावर सागवानी फळ्या, फळ्यांवर माती आणि मातीवरून टांगे, सायकली, म्हशी. रंगपंचमी आली की माती उकरायची, फळ्या काढायच्या, पळसाच्या फुलांचा केशरी रंग उकळून ओतायचा आणि वरून उडी! तिला आम्ही धप्पा म्हणतो. आमच्या रहाडीचा मान तात्यांच्या घराण्याचा. त्यांनी पूजा करून पहिला धप्पा मारल्याशिवाय बाकीच्यांनी बोटसुद्धा बुडवायचं नाही.

* * *

एकदा शेजारच्या घरी पुण्याचा जावई आला. नवीकोरी स्कूटर चौकाच्या मधोमध लावली आणि आमच्यात बाकावर येऊन टेकला. म्हणाला, "तुमच्या नाशकात आहे काय हो? देवळं, घाट आणि द्राक्षं. राम येऊन गेला, त्यानंतर इथं काही घडलेलंच दिसत नाही!"

मी म्हटलं, "जावईबापू, घडलंय बरंच. पण त्यावर तुम्ही स्कूटर लावलीय!"

खाली हौद आहे म्हटल्यावर गडी स्कूटर अशी हळूहळू ढकलायला लागला, जणू खाली कुणाचं तान्हं मूल निजलंय. तेवढ्यात दुकानातून हमीदभाई ओरडले, "आहिस्ता, जमाईराजा! पिछले साल का जमाई अभी तक ऊपर नही आया!"

* * *

मग एक संशोधक आले. खांद्याला शबनम, हातात वही. गावोगावचा इतिहास लिहीत फिरत होते. तात्यांना म्हणाले, "रहाड पेशवेकालीन आहे म्हणता, पण पुरावा काय? सनद आहे? ताम्रपट आहे?"

तात्या हंड्यावर ठोके घालत होते. मान वर न करता म्हणाले, "ताम्रपट पाहिजे? बसा, करून देतो. तांबं घरचंच आहे!"

संशोधकांनी वही मिटली. पुढं त्यांचं पुस्तक निघालं, त्यात आमच्या चौकाला एक ओळ मिळाली: 'येथे रंगपंचमी उत्साहाने साजरी होते.' बस्स! अहो, उत्साहानं तर बारसंही साजरं होतं!

* * *

इथवर सगळं हसण्यावारी गेलं. आणीबाणी उठल्यावर एक-दोन वर्षांत चौकात डांबरी सडक मंजूर झाली आणि रस्त्याचे साहेब आले. तरुण पोर, जाड चष्मा, बगलेत नकाशाची सुरळी. आम्ही म्हटलं, "साहेब, इथं डांबर टाकू नका, खाली रहाड आहे." साहेबांनी सुरळी उलगडली, बोट फिरवलं आणि म्हणाले, "नकाशात नाही."

मी माझ्या सहावीच्या जोरावर अर्ज लिहिला की आमची रहाड बुजवू नये. नगरपालिकेच्या कचेरीतून उत्तर आलं: 'सदर ठिकाणी रहाड नामक कोणतीही वास्तू अस्तित्वात नाही, सबब ती न बुजवण्याचा प्रश्न उद्भवत नाही.'

तात्यांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाले, "गण्या, फळी कशी उचलायची ते मला बापानं शिकवलं. त्याला त्याच्या बापानं. अन् माझ्या हयातीत ती डांबराखाली गाडली जाणार?" तात्यांचा आवाज असा खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता.

मी म्हटलं, "तात्या, जी नाहीच, ती हे बुजवणार कशी? तुम्ही निवांत बसा!"

* * *

चार दिवसांनी रोलर आला. मी त्याला हार घातला, नारळ फोडला आणि साहेबांच्या हातात त्यांचाच कागद ठेवला. "इथं काही नाही अशी तुमचीच सही आहे. चालवा बिनधास्त! फक्त ड्रायव्हरच्या शेजारी तुम्ही बसा."

साहेब एकदा कागदाकडं बघतात, एकदा जमिनीकडं. ड्रायव्हर निफाडकडचा. तो खाली उतरला, टाच आपटली. खालून घुमलं, ढुम्म! पुन्हा आपटली. ढुम्म! तो साहेबांना म्हणाला, "नकाशात नसंल, पन खाली लय पोकळ हाय. आता तुमीच चालवा, मी हितं हुबा ऱ्हातो!"

आठ दिवस रोलर तिथंच. बायकांनी त्याच्यावर पापड वाळत घातले. साहेब बघायला आले तर म्हणतात कशा, "हात लावू नका हं, ओले आहेत!"

* * *

पण साहेबही हट्टी! आम्ही सगळे देवळाली कॅम्पला एका लग्नाला गेलो, तेवढ्यात त्यांनी माणसं लावून हातरोलरनं डांबर ओढून घेतलं. परत येऊन बघतो तर चौक काळाकुळकुळीत. फळ्या खालीच. तात्या त्या डांबरावर अनवाणी जाऊन उभे राहिले. दोन दिवसांवर रंगपंचमी.

आदल्या सकाळी पहारी निघाल्या. पण खोदायचं नेमकं कुठं? सगळं एकसारखं काळं! मी म्हटलं, "अरे, मी डोळे मिटून सांगतो!" दुकानाच्या पायरीपासून बारा पावलं मोजली, खडूनं फुली मारली आणि पहिली पहार मीच घातली. दुसऱ्या घावाला कारंजं! दुमजली घराएवढं! नळाची मोठी लाईन फोडली होती मी. निथळत हमीदभाई म्हणाले, "गनपत, तूने तो सचमुच आँखे मूँद ली थी!"

सगळे मला शिव्या घालताहेत, आणि तात्या मात्र पाण्यामागं चालले होते. पाणी उतारानं धावलं आणि डांबराच्या एका भेगेत गुडगुड करत नाहीसं झालं. तात्या ओरडले, "इथं! इथं आहे! बघा कशी पितेय!"

दुपारपर्यंत फळ्या उघड्या. एरवी विहिरीवरून पाणी ओढून हौद भरायला दोन दिवस लागायचे. त्या वर्षी कचेरीनंच परस्पर भरून दिला!

* * *

रंगपंचमीला तात्यांनी पूजा केली, धोतर खोचलं आणि सत्तरीच्या वयात असा धप्पा मारला की पाणी समोरच्या ओट्यापर्यंत गेलं. मग काय, अख्खा चौक केशरी!

दुपारी साहेब आले. पांढरा शर्ट, हातात मोजायची टेप, चेहरा पंचनाम्याचा. "रस्ता कोणी फोडला?"

सगळे एका सुरात, "कुठला रस्ता? आमच्या नकाशात नाही!"

साहेब तणतणत काठाशी आले आणि खाली वाकले. रंगाच्या वर दिसणारे, चुन्यात बसवलेले चिरे, एकाला एक भिडलेले, सुईसुद्धा जाणार नाही. हळूच म्हणाले, "केवढं काम केलंय हो..."

पुढं मी काय केलं ते सांगायला नको. चष्मा तेवढा आधी काढून घेतला, माणुसकी आहे की नाही! आणि मग धप्पा!

साहेब वर आले ते केशरी होऊन. काठाचा दगड धरून खोकत राहिले. आता पोलीस येणार, रहाड कायमची जाणार, असं प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेलं. तात्यांनी तर हात जोडले. मी उसनं अवसान आणून विचारलं, "काय साहेब, आता तरी टाकणार का नकाशात?"

साहेबांनी तोंडातला रंग थुंकला. टेप अजून हातातच होती, ती त्यांनी वर केली.

"टाकतो. आजच टाकतो. पण नकाशात घ्यायची तर खोली लिहावी लागते, आणि टेपचं टोक धरून कुणाला तरी तळाला जावं लागतं. या की तुम्हीच, गणपतराव! सगळा चौक केशरी झालाय, तुमचाच सदरा एवढा पांढरा कसा?"