कपात नुसतं गरम पाणी

मिसेस वेन यांनी किटलीतलं पाणी कपात ओतलं, चालण्याची फ्रेम बाजूला सरकवली, खुर्चीत सावकाश बसल्या आणि फुंकर मारत ते पाणी प्यायला लागल्या. मी त्या टी-बॅग कधी घालतात याची वाट बघत उभी होते. टी-बॅगचा डबा त्यांच्या हाताशी होता, साखर समोर होती, दूध फ्रीजमध्ये होतं. त्यांनी कशालाच हात लावला नाही.

"झालं?" मी विचारलं.

"झालं. थँक यू."

"आणखी काही घालायचंय का त्यात?"

त्यांनी कपात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "नाही. छान आहे."

मग मी टोस्ट करायला सांगितला. त्यांनी तो नीट भाजला, बशीत ठेवला आणि बशी माझ्यापुढे सरकवली. "तुम्ही खा," त्या म्हणाल्या. "सकाळपासून उभ्या आहात."

मी फॉर्मवर लिहिलं: पाणी उकळलं, चहा केला नाही. सुचवूनही लक्षात आलं नाही. टोस्टला लोणी लावलं नाही, टोस्ट थेरपिस्टला दिला. खाली सही केली.

ओजस, मीरा, आजी हॉस्पिटलमध्ये नक्की काय करायची, असं तुम्ही मागे फोनवर विचारलं होतं. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट होते. सर्जन मोडलेलं हाड जोडतो, फिजिओथेरपिस्ट पेशंटला चालायला लावतो. पेशंट घरी गेल्यावर त्याला आंघोळ, कपडे, जिना आणि स्वयंपाक जमेल का, हे बघणं माझं काम. त्यासाठी आमच्या वॉर्डाला लागून एक छोटं किचन होतं. पेशंटला तिथे न्यायचं आणि हॉट ड्रिंक, म्हणजे चहा, आणि टोस्ट करायला सांगायचं. याला किचन असेसमेंट म्हणतात. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण चहाला क्रम लागतो, लक्ष लागतं, उकळतं पाणी सांभाळावं लागतं. लीड्समधला म्हातारा माणूस डोळे मिटूनही चहा करेल. तोच टी-बॅग विसरला, तर आमचे कान टवकारतात. हाताला काही झालेलं नसतं, मग डोक्यात काही गोंधळ आहे का, अशी शंका येते.

मिसेस वेन चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. जिन्यावरून पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन चांगलं झालं होतं. पण नर्सच्या चार्टवरही एक नोंद होती: पाणी पीत नाही, सारखी आठवण करून द्यावी लागते. त्यांच्या उशाशी बर्फ घातलेल्या पाण्याचा जग रोज भरून ठेवला जायचा आणि संध्याकाळी तसाच परत जायचा. माझा फॉर्म आणि तो चार्ट शेजारी ठेवले, की चित्र पुरं होत होतं. बाई गोंधळलेल्या आहेत.

जॅनेट आमची डिस्चार्ज कोऑर्डिनेटर. कोण कधी आणि कुठे जाणार, हे ती ठरवायची. तिच्या डोक्यावर सतत बेडची टंचाई.

"सुधा, बेड नंबर नऊ. घर की केअर होम?"

"घरी धोका वाटतोय. नवऱ्याची नजर अधू आहे. तो गॅसवर लक्ष ठेवू शकणार नाही."

"मग केअर होम, सहा आठवडे. शुक्रवारी जागा आहे. कळव त्यांना."

सहा आठवड्यांसाठी केअर होममध्ये, म्हणजे वृद्धांची देखभाल करणाऱ्या संस्थेत, गेलेली बरीच म्हातारी माणसं घरी परत जात नाहीत. पाय बसतात, सवय मोडते, मग कुणीतरी म्हणतं, इथेच बऱ्या आहेत. हे मला माहीत होतं. आणि दुपारी वॉल्टर भेटायला आला, तेव्हा केअर होमचं नाव काढताच त्याच्या चेहऱ्यावरून कळलं, की त्यालाही माहीत होतं.

वॉल्टर त्यांचा नवरा. उंच, किंचित वाकलेला, मूळचा अमेरिकेतल्या ओहायोचा. तरुणपणी लीड्सला शिकवायला आला, शूलान वेन त्याच युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये काम करायच्या, तिथेच जमलं. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली होती. शूलाननी नाव बदललं नव्हतं, चिनी बायका सहसा बदलत नाहीत. वॉल्टरच्या हातात रोज एक मोठा थर्मास असायचा. मी समजत होते, त्यात सूप असेल.

मी त्याला असेसमेंटबद्दल सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"तुम्ही तिला नेमकं काय करायला सांगितलंत?"

"काहीतरी हॉट ड्रिंक."

"मग तिने ते केलं." त्याने थर्मासचं झाकण काढून माझ्यापुढे धरलं. आत नुसतं गरम पाणी होतं. "शूलान दिवसभर हेच पिते. चहा पाहुणे आले तर, आणि तोही बिनदुधाचा. तुमचं ते बर्फाचं पाणी ऑपरेशननंतर प्यायचं म्हणजे तिच्या मते आत्महत्या आहे. बर्फ मला लागतो. आमच्या फ्रीजरचा एक कप्पा त्याचाच आहे."

"आणि टोस्ट?"

"टोस्ट मी खातो. ती म्हणते, सकाळी सकाळी कोरडा पाव ही माणसाला दिलेली शिक्षा आहे."

मी बेडकडे वळले. "मिसेस वेन, तुम्ही मला हे का नाही सांगितलंत?"

"तुम्ही परीक्षा घेत होता," त्या म्हणाल्या. "परीक्षेत शिक्षकांशी वाद घालत नाहीत."

मुलांनो, मी स्वतः रोज सकाळी उठून आधी पेलाभर गरम पाणी पिते. माझी आई प्यायची, तुमची आईही पिते. आपल्या घरात कुणी आजारी माणसापुढे बर्फाचं पाणी ठेवलं असतं, तर मी ते उचलून मोरीत ओतलं असतं. तरी माझ्या लक्षात आलं नाही. तीस वर्षं फॉर्मवर चहा होता, म्हणून मी चहाच शोधत होते.

मी जॅनेटकडे परत गेले.

"मला नंबर नऊची होम व्हिजिट करायचीय." होम व्हिजिट म्हणजे पेशंटला तासाभरासाठी त्याच्याच घरी नेऊन पाहणं.

"सुधा, तिला चहा करता येत नाही, असं तूच लिहिलंयस."

"मी चुकीचा प्रश्न विचारला."

जॅनेटने घड्याळाकडे पाहिलं. "गुरुवार सकाळ. शुक्रवारी बारापर्यंत उत्तर हवंय. नाहीतर त्या केअर होमला जातील."

गुरुवारी आम्ही टॅक्सीने गेलो. विटांचं जुनं टेरेस हाउस, म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या रांगेतलं एक, दारात दोन पायऱ्या, आत अरुंद उभा जिना. दाराशीच एक बाक होतं. मिसेस वेन फ्रेम धरून आधी तिथे बसल्या आणि बूट काढले. कामावर असताना आम्हाला बूट काढायची परवानगी नसते, म्हणून मी पिशवीतून प्लॅस्टिकची आवरणं काढून बुटांवर चढवली. त्यांनी पसंतीने मान डोलावली. माझा पहिला पेपर मी पास झाले असावे.

बाकाखाली त्यांच्या कापडी चपला होत्या आणि शेजारी वॉल्टरचे पांढरे शुभ्र ट्रेनर्स, म्हणजे स्पोर्ट्स शूज. वॉल्टर ते घालायला लागला, तेव्हा मी चकित होऊन बघितलं.

"लहानपणापासून मी घरात बूट घालूनच वावरलो," तो म्हणाला. "चपलांत मला पायजम्यात असल्यासारखं वाटतं. तिला बाहेरचे बूट घरात चालत नाहीत. दोन वर्षं भांडलो. मग हे घेतले. यांनी अजून रस्ता पाहिलेला नाही."

सगळं घरच तसं होतं. कोणतं भांडण कुठे मिटलं, ते चालता चालता दिसायचं. पलंगावर दोन वेगळ्या रजया, कारण एक पांघरूण दोघांत ओढत कसं झोपायचं, हे मिसेस वेन यांना कधी समजलं नव्हतं. टॉवेल मशीनमध्ये वाळायचे, कारण वॉल्टरला ते मऊ लागायचे. बाकीचे कपडे खिडकीशी लाकडी घोडीवर. डिशवॉशर होता, लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला वॉल्टरने आणलेला. मिसेस वेन त्यात हाताने धुतलेले बाउल निथळत ठेवायच्या. फक्त रविवारी वॉल्टर त्याचे कॉफीचे मग घालून तो चालवायचा.

"बिघडू नये म्हणून," त्याने सांगितलं.

"त्याचं मन राखायला," बायकोने दुरुस्ती केली.

मी माझ्या नोकरीत शेकडो घरं पाहिली. एकाने दुसऱ्याला पूर्ण गिळलेली घरं पुष्कळ असतात. इथे दोघंही शाबूत होते. पाहून माझा आदर वाढला. पण आदराने फॉर्म भरत नाही, म्हणून मी वही काढली.

"मिसेस वेन, रोज सकाळी करता तसा नाश्ता करा. वॉल्टर, तुम्ही उठायचं नाही."

वॉल्टर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला. त्यांनी डाव्या बर्नरवर कालच्या भाताची पेज ठेवली. उजवीकडे तवा, त्यात वॉल्टरची अंडी. मध्ये आल्याचे धाग्यासारखे काप केले. सुरी जड, पातं तळहाताएवढं रुंद, पण बोटं नीट आत वळवलेली. एका हाताने ओट्याची कड धरून त्या बाजूबाजूने सरकत होत्या. पेज वर यायला लागली, तशी आच कमी केली, अंडी उलटली आणि मागे न बघता म्हणाल्या, "वॉल्टर, तुझा टोस्ट करपतोय."

"मला उठायचं नाही असं सांगितलंय."

"मग करपलेला खा."

टोस्ट त्यांनीच काढला. शेवटी किटलीतलं पाणी थर्मासमध्ये भरलं आणि गॅसची दोन्ही बटणं हाताने चाचपून पाहिली. दोन माणसांचे दोन वेगळे नाश्ते, एकाच वेळी, नऊ दिवसांपूर्वी ऑपरेशन झालेल्या पायावर. माझ्या चहा-टोस्टपेक्षा हे चौपट अवघड होतं. डोक्यात गोंधळ असलेल्या माणसाला ते जमत नाही.

अडचणी वेगळ्याच निघाल्या. फ्रेम धरून बाउल टेबलापर्यंत नेता येत नव्हता, म्हणून मी चाकांची ट्रॉली लिहिली. तांदळाची गोणी जमिनीवर होती, ती डब्यात भरून ओट्यावर घ्यायला सांगितली. जिन्याला दुसऱ्या बाजूने कठडा. राहिल्या त्या चपला. मागून उघड्या, गुळगुळीत तळाच्या. पडल्या त्या दिवशी कपड्यांची टोपली घेऊन जिना उतरताना त्याच निसटल्या होत्या.

"घरात मागून बंद असलेलं काहीतरी घालावं लागेल," मी म्हटलं. "बूट."

"घरात बूट नाही." त्यांचा आवाज पहिल्यांदाच कडक झाला.

"तुम्ही पुन्हा पडलात तर मी तुम्हाला घरी ठेवू शकणार नाही."

वॉल्टर उठला. मी अडवलं नाही. कपाटातून त्याने एक खोका आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. आत त्याच्यासारखेच पांढरे ट्रेनर्स होते, लहान मापाचे.

"मंगळवारी घेतले," तो म्हणाला. "तळ बघ. रस्त्याला लागलेले नाहीत."

त्यांनी तळावरून बोट फिरवलं. बोट तपासलं.

"पांढरे कशाला आणलेस? मळतील."

"घरात कशाने मळतील?"

"तू सांडतोस त्याने," त्या म्हणाल्या, आणि पाय पुढे केला.

शुक्रवारी सकाळी नऊला मी नवीन फॉर्म जॅनेटच्या टेबलावर ठेवला. तिने तो उभ्यानेच वाचला.

"म्हणजे पहिल्या टेस्टमध्ये ती नापास झाली आणि दुसऱ्या टेस्टमध्ये पास?"

"पहिल्या टेस्टमध्ये मी नापास झाले."

"लेखी देशील?"

"दिलंय. पान दोन."

तिने केअर होमला फोन लावून जागा सोडून दिली. वॉर्डातल्या पाण्याच्या जगमधला बर्फ काढून टाकायची सूचनाही तिनेच नर्सना दिली, ती बाकीच्या पेशंटसाठी. मिसेस वेन दुपारी दोन वाजता घरी गेल्या. सहा आठवड्यांनी मी नियमाप्रमाणे फोन केला. त्या जिना चढत होत्या, पेज करत होत्या आणि ट्रॉलीचं एक चाक कुरकुरतं अशी त्यांची लेखी तक्रार वॉल्टरने, भिंग शोधून आणल्यावर, मला वाचून दाखवली.

माझा पहिला फॉर्म मात्र फाइलमध्ये तसाच राहिला. हॉस्पिटलच्या कागदपत्रांत चुकीचं लिहिलेलं फाडायचं नसतं आणि गिरवून काळंही करायचं नसतं. त्यावर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर काय ते लिहायचं, तारीख घालायची आणि सही करायची. मी तसंच केलं. तुम्हालाही कधी असा कागद दुरुस्त करावा लागेल, तेव्हा याहून चांगली पद्धत मला तरी माहीत नाही.