बिल्ल्याचा खडस

"मॅडम, मासे कुठं आहेत?" पाटबंधारे खात्याच्या साहेबांनी पुन्हा विचारलं.

मी बंधाऱ्याखालच्या डोहाकडं बोट दाखवलं. डोह गप्प होता. साहेब फेटा सांभाळत वाकून बघत होते, आणि त्यांच्या मागं गावानं स्वागताला आणलेली हलगी तडतडत होती. त्या आवाजात मासा काय, खेकडाही बिळातून बाहेर आला नसता. मी सरपंच दिनकररावांना म्हटलं, हलगी थांबवा.

"आसं कसं मॅडम? साहेब पैल्यांदा आल्यात गावात."

मी नदीतल्या माशांवर काम करते. गारगोटीच्या अलीकडं वेदगंगेवर हा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आहे. खांबांच्या मधल्या गाळ्यांत लोखंडी फळ्या बसवून पाणी अडवायचं. या फळ्यांना बरगे म्हणतात. पावसाळा संपला की घालायचे, पुढचा तोंडावर आला की काढायचे. पण वळवाचं पाणी आलं की खडस मासा अंडी घालायला वर निघतो. तेव्हा बरगे जागेवरच असतात. खडस बिचारा भिंतीवर डोकं आपटतो आणि परत फिरतो. अशानं वरच्या नदीतून खडस जवळजवळ गेलाच.

मी खात्याच्या मागं लागून एका गाळ्यातले वरचे बरगे कमी करून घेतले आणि खाली दगडांच्या पायऱ्या रचल्या. मासा त्यावरून चढणार, असा माझा दावा. पाणी वाया जातंय, असा वरच्या पाणीउपशाच्या मोटारवाल्यांचा दावा. साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, मासा चढतो हे दिसलं नाही तर गाळा बंद.

तसा माझा एक बंदोबस्त होता. खालच्या डोहातले काही खडस धरून त्यांच्या पाठीवरच्या पराजवळ पिवळा प्लॅस्टिकचा टॅग टोचून सोडले होते. असा मासा बंधाऱ्याच्या वर सापडला की झालं. पण मी वर टाकलेल्या जाळ्यात एकही टॅगवाला लागला नव्हता.

"मला तर काही दिसत नाही," साहेब म्हणाले. "जेवून निघतो. गाळ्याचं उद्या बघू."

उद्या बघू म्हणजे काय, ते मला कळत होतं.

जेवण सरपंचांच्या सोप्यात. भाकरी आणि माशाचा झणझणीत रस्सा. साहेबांनी पहिला तुकडा उचलला आणि हात तसाच राहिला.

"हे पिवळं काय आहे?"

दारात उभ्या असलेल्या सरपंचांच्या पत्नी शालनवहिनी कौतुकानं म्हणाल्या, "बिल्ला हाय त्यो. मुद्दाम ठेवलाय. आमच्या म्हशीच्या कानात बी हाय. बिल्ल्याचं जनावर म्हंजे चांगल्या जातीचं. तुमास्नी साधा मासा कसा वाढायचा?"

मला रडू आलं. महिनोन्महिने ज्याची वाट बघितली तो खडस कांदा-खोबऱ्यात शिजून आला होता. आणि माझ्याच डोहातला. मी ताडकन विचारलं, "सरपंच, हा कुठं धरला?"

दिनकरराव चपापले. "शप्पत मॅडम, खालच्या डोहात हात बी घातला न्हाय. तुम्ही नको म्हणलातासा न्हवं? म्हणून वर टाकलतं जाळं, माझ्या मोटारीपाशी. कालच घावलाय."

"वर?"

"वरच की."

मी साहेबांकडं बघितलं. साहेब तुकड्याकडं बघत होते.

"साहेब, टॅग मी फक्त खालच्या डोहात लावलेत."

"म्हणजे हा चढून गेला?" साहेब सावकाश म्हणाले. मग त्यांच्यातला इंजिनिअर जागा झाला. "कुणी उचलून वर सोडला नाही कशावरून?"

दिनकररावांना हा गावाचा अपमान वाटला. "काय बोलतायसा साहेब? आमच्या गावात हातात आलेला मासा परत नदीत जातोय व्हय? कढईत जातोय."

साहेबांना एवढं हसू आलं की ठसका लागला. पाणी पिऊन त्यांनी तिथूनच फोन लावला आणि गाळा आहे तसाच ठेवायला सांगितलं. मग मला हळूच विचारलं, "मॅडम, आता हा खाऊ का?"

"खा साहेब. बिल्ला तेवढा माझ्याकडं द्या."

तो बिल्ला आजही माझ्या टेबलावर आहे. कितीही धुतला तरी हळदीचा वास जात नाही.

जाताना मी वहिनींना समजावून सांगितलं, बिल्ला जातीचा नाही, अभ्यासाचा असतो. असा मासा खायचा नाही, सोडायचा. दिनकररावांनी लगेच पारावर जाहीर केलं, बिल्ल्याचा मासा सरकारी, कुणी हात लावायचा नाही. गाव ते पाळतंय. माझ्या प्रबोधनाच्या बैठकांनी जे जमलं नव्हतं, ते एका प्लॅस्टिकच्या तुकड्यानं केलं.

परवा बंधाऱ्यावर गेले तर शालनवहिनींनी मला गाठलंच.

"मॅडम, एवढं शिकलाईसा आन् एवढं कळंना व्हय? सगळ्याच माशास्नी बिल्लं लावून टाका की."

मी टॅग मागवलेत.