गावकरतात्यांचं गाऱ्हाणं

गावकरतात्या देवाशीसुद्धा तुटकपणे बोलत. गावाच्या वतीनं देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. शेजारच्या गावात गाऱ्हाणं सुरू झालं की माणसं भिंतीला टेकून बसतात. आमच्याकडे "व्हय महाराजा" म्हणायला तोंड उघडेपर्यंत नारळ फुटलेला असे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.ए. झाले तेव्हा आई मला नारळ घेऊन देवळात घेऊन गेली. तात्या देवाला म्हणाले, "पोर पास झाली. आता नोकरीचं बघ." संपलं. आई वाटभर धुसफुसली, "पंधरा वर्षं शिकली पोर, आणि ह्या मेल्याला पंधरा शब्द जड झाले!" महिन्याभरात चिपळूणला नोकरी लागली. आईनं श्रेय माझ्या मार्कांना दिलं. मीही दिलं.

मुंबईकर चाकरमान्यांना मात्र हे खुपायचं. शिमग्याला येऊन पालखीपुढे मोबाईल धरावा, तर तो सुरू होण्याआधी गाऱ्हाणं आटोपलेलं! "देवाशी असं तुटकपणे बोलतात काय?" बैठक बसली. यंदा नीट घातलं नाही तर मान पुतण्याकडे, असं ठरलं. तात्या म्हणाले, "बरं."

मला राहवलं नाही. दोन फुलस्केप भरून गाऱ्हाणं लिहिलं. शेतीभाती, गुरंढोरं, मुंबईची पोरं, व्यसनमुक्ती. पर्यावरणही सोडलं नाही. "तात्या, एवढं वाचा. मान राहील." त्यांनी घडी घालून खिशात ठेवलं.

पालखीपुढे मोबाईल वर गेले. तात्यांनी कागद काढला, देवापुढे ठेवला, उडू नये म्हणून वर नारळ ठेवला.

"पोरीनं लिवलंन. वाच."

"व्हय महाराजा!" एवढ्या जोरात गाव कधी ओरडलं नव्हतं. मान गेला तो गेलाच.

पुढच्या शिमग्याला पुतण्यानं तोच कागद माईकवर वाचला. पहिल्या पानाला माझी मान ताठ होती. दुसऱ्या पानाला मीच घड्याळ बघितलं. मागे गर्दीत उभे राहून तात्या प्रत्येक वाक्याला "व्हय महाराजा" म्हणत होते. जन्मभरात बोलले नसतील एवढं त्या सकाळी बोलले.

बाहेर मी विचारलं, "कसं झालं, तात्या?"

"लांबलं." चपला घातल्या. दोन पावलं गेल्यावर वळून म्हणाले, "अक्षर बरं हाय गो."

गणपतीनंतर तात्या गेले. यंदा माईकवर दुसरं पान चालू असताना मी माझ्यापुरतं देवाला सांगून घेतलं: तात्या तुझ्याकडे आलेत. बोलायला लावू नको.