तात्यांची सही

तात्यांचा डोळ्यांवर विश्वास नव्हता. दुसऱ्याच्याच काय, स्वतःच्याही. सारी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काढलेला माणूस. उसाची गाडी दिसली की गाडीवान एक आकडा सांगायचा, मुकादम दुसरा, आणि तात्या म्हणायचे, "तोंडानं वजन करू नका, काट्यावर घ्या." निवृत्त झाल्यावर काटा सुटला, पण खोड सुटली नाही. ती आमच्या शाळेवर येऊन पडली.

सांगवीच्या पुढच्या जिल्हा परिषद शाळेत मी मुख्याध्यापिका होते आणि तात्या शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य. आमच्याकडे सदस्य म्हणजे झेंडावंदनाला पुढची खुर्ची. तात्यांनी मात्र पहिल्याच महिन्यात खिचडीच्या तांदळाचं पोतं घरून आणलेल्या ताणकाट्याला लटकवलं. दोन किलो कमी भरलं. टेम्पोवाला म्हणाला, "तात्या, पोतंच तसं येतंय." तात्या म्हणाले, "मग तसंच लिहून दे." अर्धा तास टेम्पो अडवून त्यांनी ते लिहून घेतलं. मी खिडकीतून बघत होते. म्हटलं, ही ब्याद नेमकी माझ्याच वाट्याला यायची होती!

बारामतीला समिती सदस्यांचं प्रशिक्षण असायचं. सकाळी हजेरीपटावर सही, दुपारी जेवण, आणि जेवणानंतर निम्मी मंडळी बाजारात, असा रिवाज. तात्या शेवटच्या चहापर्यंत पहिल्या रांगेत वही उघडून बसत. एकदा त्यांनी विचारलं, "सायेब, शाळाबाह्य मूल म्हंजे आपल्या गावचंच, का कुठलं बी?" साहेब म्हणाले, "आज तुमच्या हद्दीत जे मूल आहे, ते तुमचं." तात्यांनी ते वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली. परतीच्या एसटीत मलाही वाचून दाखवलं.

कागद वाचल्याशिवाय ते सही करत नसत. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचायचे. ग्रामसेवक वैतागायचे, सरपंच घड्याळ बघायचे. माझे कागदही ते पहिली काही वर्षं असेच वाचत. मग एके दिवशी वाचायचं सोडलं. म्हणाले, "बाईंचा कागद म्हंजी काट्यावरनं उतरलेला. वाचायचं काय त्यात?" इतका आनंद मला आदर्श शिक्षकाचा पुरस्कार मिळाला असता तरी झाला नसता.

आणि तोच विश्वास मी वापरला. शाळाबाह्य मुलांचा अहवाल पाठवायचा शेवटचा दिवस होता. ओढ्यापलीकडे ऊसतोड कामगारांच्या खोपी पडल्या होत्या, तिथे मुलं होती, हे मला ठाऊक होतं. पण ती मार्चमध्ये जाणार. आज नोंदवायची, उद्या गळती म्हणून दाखवायची, मग खुलासे लिहीत बसायचं. निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. मी रकान्यात 'निरंक' लिहिलं, आणि खाली, समितीने वस्त्यांना भेट देऊन खात्री केली आहे, असंही. तात्या नातीला सोडायला आले होते. त्यांनी फाटकातच, सायकल मांडीला टेकवून सही केली.

पुढे व्हॉट्सअॅपवर यादी आली. सर्व प्रशिक्षणं पूर्ण करणाऱ्या आणि शाळेची सेवा करणाऱ्या सदस्यांचा तालुक्यात सत्कार, त्यात तात्यांचं नाव आणि त्यापुढे 'शाळाबाह्य मुले : निरंक'. गावात पेढे वाटले गेले. सत्काराच्या आदल्या दिवशी दुपारी तात्या कार्यालयात आले. धोतराला चिखल लागला होता.

"सात हायेत, बाई. खोपीत जाऊन मोजून आलोय. निरंक कसं काय लिवलं?"

"तात्या, मार्चमध्ये जातील ती."

"व्हय. पर मार्चपतुर त्यांनी काय करायचं?"

मी समोरचा हजेरीपट पुढे ओढला.  तात्या सात नावांचा कागद टेबलावर ठेवून निघून गेले. उद्या ते काय करणार, या विचाराने मला अन्न गोड लागलं नाही.

सकाळी जीपमध्ये ते माझ्या शेजारीच बसले होते.  सभागृहात नाव पुकारलं. मानपत्रात "यांच्या शाळेत एकही शाळाबाह्य मूल नाही" हे वाक्य आलं. अधिकाऱ्यांनी शाल उघडली. तात्यांनी ती हातानेच थोपवली आणि माईक घेतला.

"ह्यो कागद चुकीचा हाय. आमच्या हितं सात पोरं हायेत. सही माजी हाय, न वाचता केलेली. तुमी वाचून करा म्हनून शिकवलं हुतं. मला ही शाल नगं."

कुणीतरी हसलं. अधिकारी हसले नाहीत. त्यांनी भर सभेत मला उभं केलं. "मॅडम, वस्तीची खात्री कुणी केली होती?"

शेकडो डोळे माझ्यावर. मी म्हणाले, "समितीने."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग अधिकाऱ्यांकडे वळून म्हणाले, "व्हय. माजीच चूक."

दुसऱ्या दिवशी मी स्वतः खोपीवर जाऊन सातही मुलं शाळेत आणली. तात्यांनी फक्त "बरं झालं" म्हटलं. पुढच्या समितीत त्यांना घेतलं नाही. आयुष्यभर मोजमाप करणाऱ्या माणसाला पारावरची पोरं "न वाचता सही करणारा मेंबर" म्हणू लागली. ते ऐकून घेत. माझ्या निरोप समारंभाला आले, गुच्छ दिला, "तब्येतीला जपा, बाई," म्हणाले. मी तेव्हा बोलायला हवं होतं. माझ्या गळ्यात हार होते, आणि मी बोलले नाही.

यंदा तात्या गेले. दहाव्याला नीरेच्या घाटावर श्रद्धांजलीची भाषणं झाली. एक पुढारी म्हणाले, "एकच चूक झाली त्यांच्या हातून, पण ती त्यांनी कबूल केली." मला राहवलं नाही. माईक हिसकावल्यासारखा घेतला आणि सगळं सांगून टाकलं. निरंक मी लिहिलं होतं. खोटं मी बोलले होते. 

नंतर तात्यांच्या पत्नीच्या, काकूंच्या, पाया पडायला गेले. वाटलं, त्या तोंड फिरवतील. त्यांनी मला जवळ बसवून घेतलं.

"आमाला म्हाईत हुतं, बाई. सत्काराच्या दिवशीच घरी येऊन सांगितलं हुतं त्यांनी. म्हनले, बाईंची पेन्शन अडकंल, कुटं बोलू नगा. एकदा रिटायर झाल्या की त्या आपनहून सांगत्याल."

मला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती.