दगडफुलाचा जांभळा

माझी शाळा चौथीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, अक्षरही धड नाही, ओळ वर चढत जाते. ही वही कोणाच्या हाती पडलीच तर त्यांनी तेवढं पोटात घालावं. रंग मात्र जसा पाहिला तसाच लिहिते.

लग्न होऊन चोपड्याला आले त्याला वर्षही झालं नव्हतं. चैत्रात काळ्या मसाल्यासाठी आळीतल्या चार घरांनी आठ-आठ आणे घातले आणि सातपुड्यातून बाजाराला येणाऱ्या पावरा बाईकडून दगडफूल घेतलं. दगडफूल म्हणजे खडकावर, झाडांच्या सालीवर धरणारे राखाडी पापुद्रे. ते निवडायचं काम माझ्याकडे आलं. निवडून झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "गोठामाना मडकामा भरी ठेव."

गोठ्यात दोन मडकी होती, दोन्हींच्या तोंडाला फडकं बांधलेलं. कोणतं, हे विचारायला माझी जीभ उचलेना. कोपऱ्यातल्या अंधारात जवळचं मडकं उघडलं आणि पाटी उपडी केली. डुबुक आवाज झाला तेव्हा कळलं. बियाण्यावर शिंपडायला साठवलेलं जुनं गोमूत्र होतं ते.

मी तिथेच बसले. थोरली जाऊ वैरण न्यायला आली. तिला मी अक्का म्हणत असे.

"येडी शे का व तू? चार घरनं दगडफूल गोमूत्रमा?"

"अक्का, आते काय करू?"

"रडू नको. गोमूत्र काय, गाय रोज देस. दगडफूलना दोन रुपया मनाजोडे शेतस. पन कार्तिकना आत परत दे. मना नवस शे."

नवस मला ठाऊक होता. मुलगा तापातून उठला तर पद्मालयाच्या गणपतीला जाईन, असं ती बोलली होती. कार्तिकात तिच्या भावाची गाडी तिकडे निघणार होती. त्यासाठी तिने लोणी विकून पैसे साठवले होते. त्यांतून आम्ही गुपचूप नवं दगडफूल आणलं.

गोमूत्राचं ते मडकं मी कडब्याच्या आड लपवलं. उकिरडा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, तिथे ओतणार कसं? कुजलं की शेणात मिसळून टाकू म्हणून रोज फडकं सोडून काठीने ढवळत असे. आधी पाणी चहासारखं झालं. मग तांबूस. जवळजवळ महिन्याने एका सकाळी काठी वर काढून उजेडात धरली. काठीवरून जांभळा रंग ओघळत होता. कुठल्या फुलात नाही, कुठल्या लुगड्यात नाही, असा. त्या राखाडी पापुद्र्यांच्या पोटात हा कुठे बसला होता? मी भीतभीत बोट बुडवलं. वास नाकात जात होता तरी उठवेना.

मडक्याच्या तोंडावरचं फडकं आणि ते बांधायची लोकरीची दोरी, दोन्ही ढवळताना आत पडली होती. धुतल्यावर सुती फडकं पांढुरकं झालं. दोरी जांभळीच राहिली. माझे हातही.

सासूबाईंनी हात पाहिले. "एकटीच जांभळं खाई उनी का व? घरमा आम्ही मरी गयथूत का?"

अक्का पदर तोंडात कोंबून हसत होती. मग तिनेच ती दोरी घोंगड्या विणणाऱ्या म्हातारीला दाखवली.

"हाऊ रंग कसाना शे?"

"दगडफूलना," मी म्हटलं. परक्या माणसाशी बोललेला तो माझा पहिला शब्द असेल.

"झूट नको बोलू, पोरी. ते मसालामा ऱ्हास."

तिने दोरी दातांनी ओढली, थुंकी लावून चोळली. रंग हलला नाही. घोंगडीच्या काठासाठी लोकर रंगवून दिलीस तर जुडीला चार आणे देईन, म्हणाली.

भाद्रपदापर्यंत पाच जुड्या झाल्या आणि मडक्यातला रंग संपला. अक्काचे बारा आणे फेडायचे राहिले. दगडफूल विकत घ्यायला पैसे कुठून आणणार? शेवटी बाजारात मी स्वतः त्या पावरा बाईसमोर उभी राहिले. तळाचा चुरा देतेस का, विचारलं. तिने ओंजळी भरभरून फुकट दिला. पुन्हा गोमूत्र, पुन्हा रोजची काठी. दसरा आला तरी पाणी तांबूसच. अक्का गोठ्यातून जाताना कडब्याकडे बघे.

पुढे बऱ्याच वर्षांनी माझी मुलगी धुळ्याला शिकली. तिने पुस्तकातून वाचून दाखवलं, की दगडफूल हे फूलही नाही, झाडही नाही. एक बुरशी आणि एक शेवाळ, दोघांनी मिळून मांडलेला संसार. जांभळ्याचं मूळ त्यातल्या बुरशीत. ओल्या भाकरीवर धरते ना, तिचीच कोणी बहीण. दोन दिवस माझ्या डोक्यातून ते गेलं नाही. उघड्या खडकावर, वैशाखात, पाण्याशिवाय बसून ती हा रंग कोणासाठी करत असेल?

त्या वर्षी दिवाळीच्या आदल्या आठवड्यात दुसरं मडकं जांभळं झालं. तीन जुड्या उन्हात मडक्यात मुरवल्या. म्हातारीने बारा आणे मोजून दिले. अक्का चुलीशी होती. मी तिच्या तळहातावर पैसे ठेवले. तिने माझ्या जांभळ्या बोटांकडे पाहिलं, पैसे कपाळाला लावले आणि कमरेला खोचले. दोन रुपये पुरे फिटले.