उपडा पेला

कळंबच्या गाडीनं एक अनोळखी गृहस्थ आले आणि फडक्यात बांधलेलं काहीतरी घेऊन ओट्याखाली उभे राहिले, तेव्हा हे काय मागायला आलेत, असंच आधी माझ्या मनात आलं. स्वभावच तसा. ते म्हणाले, "जैनबबी नर्स माझी खाला, मावशी. मागल्या जुम्म्याला गेली... हे मास्तरीणबाईला द्या म्हनली हुती." फडक्यात पितळी पेला होता. या गोष्टीला दीड महिना झाला.

जैनबबी आमच्या गावात आल्या त्या रझाकारांच्या दिवसांनंतर चार-पाच वर्षांनी. गावाची धास्ती अजून गेली नव्हती. परकं माणूस दिसलं की आम्ही कान टवकारायचो. त्यात बाईंचं नाव जैनबबी. माझ्या संशयाला तेवढं पुरलं, हे लिहिताना लाज वाटते.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांसाठी तेव्हा सरकारातून दुधाची भुकटी यायची. बाई ती कुणाला घरी नेऊ देत नसत. दुपारी चावडीमागच्या खोलीत दूध कालवायच्या आणि पाटलाची सून असो की वेशीबाहेरची बाई, सगळ्यांना एकाच सतरंजीवर बसवून समोर प्यायला लावायच्या. पेला उपडा करून दाखवल्याशिवाय कुणाला उठू द्यायच्या नाहीत. गाव म्हणायचं, घरी देत नाही म्हणजे डबे बाजारात जात असणार. मलाही ते पटलं. माझ्या आईचा राग निराळा, सून कुणाच्याही मांडीला मांडी लावून बसते याचा. गावात अर्ज लिहिणारा मी, शाळेचा मास्तर, एकटाच. लिहिला, खाली नाव मात्र घातलं नाही. तालुक्याचे साहेब आले, डबे तपासले. सगळे जागेवर होते. तरी पुन्हा तक्रार नको म्हणून त्यांनी भुकटी घरोघर वाटायला लावली.

आमच्या घरची भुकटी वडिलांच्या नि माझ्या चहात गेली. चहा फक्कड व्हायचा. सुशीलेला, माझ्या बायकोला, तेव्हा सातवा महिना होता. आधीची दोन बाळं महिन्याच्या आत गेलेली... तिच्या वाट्याला काय येतं, हे मी कधी विचारलं नाही.

मग मी शाळेत असताना बाई रोज दुपारी घरी येऊ लागल्या. पोट तपासायचं म्हणून दार लोटून घ्यायच्या. पिशवी लई जपून आणते, असं आई सांगायची. पाणी कुठंतरी मुरतंय, हे मला कळत होतं. एकदा वाटेत अडवून, रोज कशाला येता, असं मी विचारलंच. त्या म्हणाल्या,

"मास्तर, तुमच्या वाट्याचं दूध तुमच्या घरी पोचतंय न्हवं? मग झालं."

अर्जावरचं माझं अक्षर ओळखलं की काय? पुढं मुलगी झाली, धडधाकट. नंतरही, त्यांची कळंबला बदली होईपर्यंत, त्या भेटल्या की मी त्यांच्या डोळ्यांत राग शोधायचो. कधी सापडला नाही.

त्या दिवशी फडक्यातला पेला बघून सुशीला रडली. मग म्हणाली, "अर्ज तुमचा हाय अन् भुकटी चहात जाती, हे मीच सांगितलं हुतं त्यांना. दुसऱ्या दिवसापासून पिशवीत लपवून दूध आणाया लागल्या. त्यांच्या घरच्या शेळीचं. ह्याच पेल्यात प्यायला लावायच्या."

मला का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं.

"त्याच नको म्हनल्या. मास्तर संशयी हायत, इख घातलं म्हनून सांडून देतील."

त्यांचं खरं होतं. मी सांडलंच असतं.

आता संध्याकाळी आमची ती मुलगी, सात वर्षांची, त्या पेल्यातून दूध पिते, सुशीला समोर बसून असते. पिऊन झालं की मुलगी माझ्यापुढं येऊन पेला उपडा धरते. मी बघतो. एक थेंबसुद्धा पडत नाही.